चूक कबूल करण्याचे धैर्य : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

साधनेच्या मार्गावर चालणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव कधी ना कधी येतोच. आपल्या हातून चूक होते, ती आपल्या लक्षातही येते. पण ती चारचौघांत मान्य करण्याची वेळ आली की जीभ जड होते. मग मन कारणे शोधू लागते. परिस्थितीच तशी होती, मला सांगणाऱ्यानेच चुकीचे सांगितले, माझा हेतू तर चांगलाच होता, अशी एकामागून एक ढाल पुढे येते. अहंकाराचे खरे बळ अशा वेळी कळते. ध्यानाला बसल्यावर शांत वाटणारे मन चूक कबूल करण्याच्या क्षणी किती शांत राहते, यावरून साधना कुठवर आली आहे हे आपले आपल्याला तपासता येते.

चुकीची माहिती आपल्या तोंडून बाहेर पडली असेल तर हा प्रश्न अधिकच अवघड होतो. रागाच्या भरात कोणाला बोललो तर त्याच्याकडे जाऊन क्षमा मागता येते. पण आपण सांगितलेली गोष्ट शंभर जणांनी ऐकली, त्यांनी ती पुढे हजारांना सांगितली आणि नंतर कळले की तिला आधार नाही, तर काय करायचे? गप्प बसायचे, की ज्या व्यासपीठावरून बोललो त्याच व्यासपीठावर पुन्हा उभे राहून ती मागे घ्यायची?

आपल्या महाराष्ट्रातील एका थोर पुरुषासमोर वयाच्या एकतिसाव्या वर्षी नेमका हाच प्रश्न उभा राहिला. ते होते नामदार गोपाळ कृष्ण गोखले. महात्मा गांधींनी ज्यांना आपले राजकीय गुरू मानले, ते हे गोखले. त्यांच्या आयुष्यातील हा प्रसंग शाळेच्या पुस्तकांत फारसा येत नाही. पण साधकाने आवर्जून अभ्यासावा असा तो आहे.

बालपण आणि संस्कार

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना वडिलांचे छत्र हरपले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार होता महिना पंधरा रुपये. त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. भावाच्या पोटाला चिमटा बसून आलेला हा पैसा आहे, याची जाणीव गोपाळला कायम होती. तो स्वतः स्वयंपाक करी, काटकसरीने राही आणि मन लावून अभ्यास करी.

त्यांच्या शाळकरी वयातील एक गोष्ट महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. गुरुजींनी घरून सोडवून आणायला दिलेले गणित वर्गात एकट्या गोपाळचेच बरोबर आले होते. गुरुजींनी त्याला शाबासकी दिली, तेव्हा तो रडू लागला. गणित सोडवताना आपण दुसऱ्याची मदत घेतली होती, म्हणून हे कौतुक आपले नाही, असे त्याने सर्वांसमोर सांगितले. न कमावलेले कौतुक त्या मुलाला जड झाले होते, आणि मोठेपणी याच माणसाला याहून कितीतरी पटींनी कठीण परीक्षा द्यावी लागली.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गोखले बी.ए. झाले. त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरी सहज मिळत असे आणि तिच्या जोडीला मानमरातबही येई. गोखल्यांनी ती वाट सोडली. ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि १८८६ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. अल्प वेतनावर वीस वर्षे शिकवण्याचे हे व्रत होते. पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र असे विषय शिकवले. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांमध्ये अनेक वर्षे वापरले गेले. आकड्यांची शिस्त त्यांच्या स्वभावातच होती.

गुरूंच्या सहवासात

याच काळात गोखल्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा सहवास लाभला. त्यांनी रानड्यांना गुरुस्थानी मानले. रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली ते सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम पाहू लागले. आगरकरांच्या 'सुधारक' पत्राची इंग्रजी बाजूही त्यांनी काही काळ सांभाळली.

रानड्यांची शिकवण्याची पद्धत कडक होती. सरकारी अहवाल वाचायचे, त्यातले आकडे काढायचे, एकमेकांशी ताडून पाहायचे आणि मगच लिहायचे. मसुदा मनासारखा झाला नाही तर पुन्हा लिहायचा. लोकांच्या वतीने बोलणाऱ्याच्या शब्दात चूक सापडली तर नुकसान त्या बोलणाऱ्याचे एकट्याचे होत नाही. ज्यांच्यासाठी तो बोलतो त्या लोकांचेही होते, अशी ही शिकवण होती. गोखल्यांनी ती मनापासून घेतली. आणि तरीही एकदा त्यांचा तोल गेला. मोठी माणसे चुकत नाहीत असा आपला समज असतो. हा प्रसंग तो समज दूर करतो.

१८९७ : पुणे आणि लंडन

भारताच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने एक आयोग नेमला होता. त्याला वेल्बी आयोग म्हणतात. या आयोगापुढे साक्ष देण्यासाठी १८९७ च्या मार्च महिन्यात गोखले दिनशा वाच्छा यांच्यासोबत इंग्लंडला निघाले. आयोगाच्या सदस्यांत दादाभाई नौरोजी होते. एप्रिलमध्ये गोखल्यांची साक्ष झाली. आयोगाच्या सभासदांनी त्यांना उलटसुलट प्रश्न विचारले. पण या तरुण प्राध्यापकाने आकडेवारीच्या बळावर प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले. त्यांची साक्ष फार गाजली. इंग्लंडमध्ये त्यांच्या शब्दाला किंमत आली.

तिकडे पुण्यात मात्र हाहाकार माजला होता. प्लेगची साथ शहरात पसरली होती. साथ आवरण्यासाठी सरकारने वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली एक प्लेग समिती नेमली. घरोघरी तपासणी करण्यासाठी गोरे शिपाई आणले गेले. ते घरात शिरत, स्वयंपाकघरात आणि देवघरात जात. आजारी वाटणाऱ्या माणसांना रुग्णालयात आणि त्यांच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेले जाई. सामान बाहेर काढून जाळले जाई. स्त्रियांच्या तपासणीबद्दल लोकांच्या मनात विशेष संताप होता. रोग आवरणे आवश्यकच होते. पण ज्या रीतीने ते काम चालले होते त्याने पुणेकरांचे मन होरपळून निघाले.

या सगळ्याच्या बातम्या पत्रांतून गोखल्यांपर्यंत पोहोचत होत्या. पत्रे लिहिणारे त्यांच्या परिचयाचे, विश्वासातले लोक होते. ती पत्रे वाचताना दूरदेशी असलेल्या त्या तरुणाला काय वाटत असेल याची आपण कल्पना करू शकतो. आपले शहर, आपली माणसे संकटात, आणि आपण सातासमुद्रापलीकडे.

२२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परत येत असताना रँड आणि आयर्स्ट या दोन अधिकाऱ्यांवर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. पुण्यातील लोक इतके का चिडले, हे इंग्रज जनतेला कळावे असे गोखल्यांना वाटले. त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन' या वृत्तपत्राला मुलाखत दिली आणि पार्लमेंटच्या काही सभासदांपुढेही माहिती ठेवली. त्यात पुण्याहून पत्रांतून आलेला एक अतिशय गंभीर आरोप होता. शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतील एकीने त्यानंतर आत्महत्या केली, असा तो आरोप होता.

शब्द सुटला

या आरोपाने इंग्लंडमध्ये मोठे वादळ उठले. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी मुंबई सरकारकडे विचारणा केली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडून आरोप साफ खोटा असल्याचे उत्तर आले. आता जबाबदारी गोखल्यांवर होती. पुरावा द्या, नाहीतर आरोप मागे घ्या, असे त्यांना सांगण्यात येऊ लागले.

गोखले मायदेशी परत निघाले. दरम्यान पुण्यातील वातावरण पालटले होते. जुलैच्या अखेरीस लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. नातू बंधूंना कोणतीही चौकशी न करता स्थानबद्ध करण्यात आले. सगळीकडे भीती पसरली होती. ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांची नावे उघड करू नयेत, अशी विनवणी गोखल्यांना पोहोचली. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा ही माहिती कुठून मिळाली याची विचारपूस करायला पोलीस अधिकारी हजर होते.

गोखल्यांनी पुरावा मिळवण्याचा प्रयत्न केला. पण उघडपणे पुढे येऊन त्या दोन स्त्रियांच्या बाबतीत साक्ष द्यायला कोणीही तयार नव्हते. जे पत्रात ठामपणे लिहिले होते, ते सिद्ध करता येत नव्हते.

चार वाटा

येथे क्षणभर थांबून आपण स्वतःला त्यांच्या जागी ठेवून पाहू. त्यांच्यासमोर चार वाटा होत्या.

पहिली वाट म्हणजे पत्रलेखकांची नावे सांगून मोकळे होणे. मी ऐकले ते सांगितले, आता त्यांना विचारा, असे म्हणता आले असते. त्याने गोखल्यांची मान सुटली असती. पण धरपकडीच्या त्या दिवसांत पत्रलेखकांच्या घरांवर संकट आले असते.

दुसरी वाट होती गप्प बसण्याची. काळ जातो, लोक विसरतात, दुसरा विषय निघतो. सार्वजनिक जीवनातील बहुतेक माणसे हीच वाट धरतात.

तिसरी वाट होती अर्धवट माघारीची. कदाचित तपशिलात काही चूक असेल; पण एकूण परिस्थिती तशीच होती, कोणाला वाईट वाटले असल्यास दिलगीर आहोत, असे काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेता आली असती. लोकांना शिपायांचा त्रास झाला होता ही गोष्ट खरी होती. तिच्या आडोशाला न सिद्ध झालेला आरोप लपवणे सोपे होते.

चौथी वाट होती ती सर्वांत कठीण. चूक पूर्णपणे आपल्या शिरावर घ्यायची, कोणाचेही नाव सांगायचे नाही आणि कोणतीही अट न घालता क्षमा मागायची.

रानड्यांसारख्या वडीलधाऱ्यांशी गोखल्यांनी विचारविनिमय केला आणि चौथी वाट धरली. १८९७ च्या ऑगस्ट महिन्याच्या आरंभी त्यांनी आपले जाहीर निवेदन वृत्तपत्रांत प्रसिद्ध केले. आपण केलेला आरोप सिद्ध करता येत नाही, तो करायला नको होता, असे त्यांनी मान्य केले. मुंबईचे गव्हर्नर, प्लेग समितीचे सभासद आणि प्लेगच्या कामावर असलेले शिपाई या सर्वांची त्यांनी बिनशर्त क्षमा मागितली. ज्या इंग्रज वाचकांपुढे आरोप गेला होता, त्यांच्यापुढे क्षमायाचनाही गेली.

निंदेचा काळ

चूक कबूल केली की लोक लगेच कौतुक करतात, असा कोणाचा समज असेल तर तो येथे दूर व्हावा. गोखल्यांच्या वाट्याला कौतुक आले नाही. इंग्रजी पत्रांनी त्यांची टर उडवली. भारतमंत्र्यांच्या हातात तर कोलीतच मिळाले. भारतीय पुढाऱ्यांच्या तक्रारी कशा निराधार असतात हे दाखवायला या माफीचा वापर झाला. इंग्लंडमध्ये भारताची बाजू मांडणारे वेडरबर्न यांच्यासारखे मित्र अडचणीत आले. देशातील अनेकांना वाटले की गोखल्यांनी सरकारपुढे फार वाकून माफी मागितली. टिळक तुरुंगात असताना गोखले शिपायांची क्षमा मागतात, हे पुष्कळांना झोंबले. वेल्बी आयोगापुढील साक्षीने जे नाव मिळवून दिले होते ते काही आठवड्यांत धुळीला मिळाले.

या टीकेत काहीच तथ्य नव्हते, असे म्हणणे योग्य होणार नाही. पुण्याच्या लोकांनी सोसलेला जाच खोटा नव्हता. त्या दोन स्त्रियांविषयीचा आरोप सिद्ध झाला नाही, याचा अर्थ बाकीच्या सगळ्या तक्रारी निराधार ठरतात असा होत नाही. तरीही अशा माफीमुळे खरे दुःखही झाकले जाण्याचा धोका होता, आणि काही प्रमाणात तसे झालेही. मात्र याचे मूळ माफीत नव्हते. ते न तपासलेल्या आरोपात होते. खऱ्या शंभर तक्रारींत न तपासलेली एक तक्रार मिसळली आणि तिने शंभरांची किंमत घालवली. एकदा हे घडून गेल्यावर ती एक तक्रार धरून ठेवल्याने शंभर वाचल्या नसत्या. उलट खोटेपणाचा ठपका कायमचा बसला असता.

गोखल्यांना हे सर्व फार लागले. स्वभावाने ते हळवे होते. पण त्यांनी आपल्या माफीवर सारवासारव केली नाही. पत्रलेखकांवर दोष ढकलून स्वतःची बाजू सावरली नाही.

कृतीतून प्रायश्चित्त

क्षमा मागून झाल्यावर पुढे काय, हा साधकासाठी महत्त्वाचा प्रश्न आहे. काहीजण चुकीच्या जाणिवेने इतके खचतात की काम करणेच सोडून देतात. बाहेरून तो पश्चात्ताप वाटतो; पण आतून तोही अहंकाराचाच एक प्रकार असतो. माझ्या हातून चूक झालीच कशी, हे दुःख त्यामागे असते.

गोखल्यांनी काम सोडले नाही. पुण्यात प्लेगची साथ पुन्हा आली तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून लोकांच्या मदतीला उतरले. ज्या प्लेगच्या कामाबद्दल त्यांनी दुरून ऐकून बोलले होते, ते काम त्यांनी आता जवळून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि स्वतःच्या हातांनी केले. ज्या गव्हर्नरांची त्यांनी क्षमा मागितली होती, त्याच लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांच्या या सेवेची दखल घेऊन आभार मानले.

त्यांच्या खाजगी कागदांत संकल्पांचे एक टिपण सापडले आहे. श्रीगुरू दत्तात्रेयांच्या कृपेचे स्मरण करून त्यांनी काही निश्चय लिहून ठेवले होते. नियमित योगाभ्यास करणे, इतिहास व तत्त्वज्ञान यांचा सखोल अभ्यास करणे, विधिमंडळात जाऊन देशाची सेवा करणे आणि शेवटी उच्च धर्मतत्त्वांचा प्रचार करणे असे ते निश्चय होते. राजकारणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाची मुळे कोठे होती, हे त्यावरून दिसते.

चुकीतून घडलेला माणूस

१८९९ च्या अखेरीस गोखले मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. २६ मार्च १९०२ रोजी अर्थसंकल्पावर त्यांनी केलेले पहिले भाषण देशभर गाजले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक दिसते म्हणून देश सुखी आहे असे नाही, लोकांवर गरजेपेक्षा जास्त कर बसवल्यामुळे ती शिल्लक दिसते, हा मुद्दा त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून मांडला. मिठावरील कर कमी व्हावा हा त्यांचा आग्रह होता. १९०३ मध्ये हा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. गरिबाच्या भाकरीसोबतचे मीठ स्वस्त झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८९७ मध्ये सरकारने त्यांना खोटे ठरवले होते. पुढील काळात त्याच सरकारचे अधिकारी त्यांच्या भाषणाची तयारी करून सभागृहात येत, कारण त्यांच्या आकड्यांत चूक सापडणे कठीण होते. माणसाने आपली चूक एकदा पूर्ण मनाने मान्य केली की ती त्याची शिक्षक होते. जी झाकून ठेवली ती मात्र पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्यात नेते.

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजेच भारत सेवक समाज, ही संस्था स्थापन केली. सार्वजनिक जीवनाला अध्यात्माची बैठक मिळाली पाहिजे, हा या संस्थेमागील विचार होता. देशसेवा ही धर्मभावनेने करायची, असे त्यांचे सांगणे होते. सभासदांना व्रते घ्यावी लागत. देशाला मनात पहिले स्थान द्यायचे, स्वतःचा लाभ पाहायचा नाही, जात-धर्म न पाहता सर्व भारतीयांना बंधू मानायचे, खाजगी जीवन शुद्ध ठेवायचे आणि कोणाशीही वैयक्तिक भांडण करायचे नाही, अशी ती व्रते होती. नव्या सभासदाला पाच वर्षे अभ्यास आणि प्रशिक्षण घ्यावे लागे. आधी पाहा, वाचा, देश फिरा, मग बोला, अशी ती शिस्त होती.

१९१५ च्या जानेवारीत गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून कायमचे भारतात आले. तेव्हा गोखल्यांनी त्यांना एक वर्षभर देश पाहण्याचा आणि त्या काळात सार्वजनिक प्रश्नांवर मत न मांडण्याचा सल्ला दिला. गांधीजींनी तो पाळला. पुण्याच्या त्या पत्रांचा या सल्ल्याशी संबंध होता असे गोखल्यांनी कुठे म्हटलेले नाही. पण दुरून ऐकलेल्या गोष्टीवर बोलण्याची किंमत ज्याने मोजली आहे, त्याच्याच तोंडी असा सल्ला शोभतो.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गोखल्यांनी देह ठेवला. आयुष्यभर ज्यांच्याशी मतभेद राहिले ते लोकमान्य टिळक स्मशानात उपस्थित होते. त्यांनी तेथे गोखल्यांच्या थोरवीचा गौरव केला आणि तरुणांनी त्यांचे अनुकरण करावे असे आवाहन केले.

आपण काय घ्यावे

या प्रसंगातून साधकाला काही गोष्टी शिकता येतात.

पहिली गोष्ट म्हणजे विश्वासू माणसाने सांगितले, एवढ्यावरून माहिती खरी ठरत नाही. गोखल्यांना पत्रे लिहिणारे दुष्ट नव्हते. तेही कदाचित ऐकीव गोष्टच लिहीत असतील. सांगणाऱ्यावरचा विश्वास आणि सांगितलेल्या गोष्टीची सत्यता या दोन वेगळ्या बाबी आहेत. आज आपल्या मोबाइलवर दिवसभरात कितीतरी संदेश येतात. पाठवणारे आपले नातेवाईक, मित्र, सत्संगातले बंधू-भगिनी असतात. म्हणून आपण ते तसेच पुढे ढकलतो. मन जेव्हा संतापाने किंवा करुणेने भरलेले असते, तेव्हा तर आपण अजिबात तपासत नाही. नेमक्या त्याच वेळी थांबण्याची गरज असते.

दुसरी गोष्ट म्हणजे चूक जिथे झाली तिथेच ती दुरुस्त करावी. दहा जणांच्या गटात चुकीचे सांगितले असेल तर एकाला खाजगीत सांगून भागत नाही. त्या दहाही जणांपर्यंत दुरुस्ती पोहोचली पाहिजे. पाठवलेला संदेश गुपचूप पुसून टाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. ज्यांनी तो वाचला त्यांच्या मनात तो राहतोच.

तिसरी गोष्ट म्हणजे क्षमा मागताना 'पण' हा शब्द वगळावा. क्षमा असावी, पण माझाही नाइलाज होता, असे म्हणताच क्षमा निघून जाते आणि वकिली उरते. कारणे खरी असली तरी ती क्षमेच्या वाक्यात नकोत.

चौथी गोष्ट म्हणजे आपली चूक कबूल करताना दुसऱ्याला पुढे करू नये. गोखल्यांनी पत्रलेखकांची नावे सांगितली नाहीत. शब्द आपल्या तोंडून बाहेर पडला, म्हणजे तो आपला झाला. त्याचे ओझे आपणच उचलायचे.

पाचवी गोष्ट म्हणजे चूक मान्य करताना जे खरे आहे तेही सोडू नये. एक तपशील चुकला म्हणून सगळेच खोटे होते असे म्हणणे हाही असत्याचाच प्रकार आहे. नेमके काय चुकले तेवढे स्पष्ट सांगावे. गोखल्यांच्या माफीवर झालेली टीका आपल्याला हीच काळजी घ्यायला शिकवते.

शेवटी, क्षमा मागून आपले काम संपत नाही. ज्या ठिकाणी आपण चुकलो, त्याच ठिकाणी सेवा करावी. गोखले प्लेगच्या कामाला गेले, तसे आपणही ज्याच्याविषयी चुकीचे बोललो त्याच्या उपयोगी पडण्याची संधी शोधावी. त्याने त्याचे मन निवते आणि आपलेही.

आज रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसून दिवसभरात आपण काय काय बोललो आणि पुढे पाठवले, याची मनाशी उजळणी करू. त्यात एखादी गोष्ट न तपासता सांगितलेली आढळली, तर उद्या सकाळी पहिल्यांदा तीच दुरुस्त करू. लहान चुका कबूल करण्याची सवय असली, की मोठ्या परीक्षेच्या वेळी जीभ जड होत नाही.